पाकिटाच्या पाठीवरचा शिक्का



तिकिटे गोळा करण्याचा छंद आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना केला असेल. २४ मे १९५६ ला निघालेले बुद्धजयंतीचे दोन आण्यांचे तिकीट, १४ एप्रिल १९६६ चे बाबासाहेबांचे पंधरा पैशांचे पहिले तिकीट, १९७७ चे महात्मा फुल्यांचे आणि १९९८ चे सावित्रीबाईंचे. ही चार ज्याच्या वहीत असतात त्याच्या घरी पाहुणे आले की चहाच्या आधी वही बाहेर येते. पण त्या तिकिटावर पडलेल्या काळ्या शिक्क्याकडे कोणी पाहत नाही. उलट शिक्का ठळक पडला असेल तर तिकीट ‘खराब’ झाले असे आपण म्हणतो. आज लिहायचे आहे ते या खराब करणाऱ्या शिक्क्याबद्दलच.

मी कारकून माणूस. आवक-जावकचा शिक्का मारण्यात निम्मे आयुष्य गेले. साहेबाच्या सहीला मान असतो हे खरे, पण वाद उभा राहिला की सगळे जण आधी आवक शिक्क्याची तारीख पाहतात. अर्ज मुदतीत आला की नाही, हे सही सांगत नाही, शिक्का सांगतो. टपालाच्या शिक्क्याचेही तसेच आहे. पत्र लिहिणारा तारीख चुकीची घालील, मुळीच घालणार नाही, पण पोस्टातल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्याशी काही देणेघेणे नसते. तो त्या दिवसाची तारीख ठोकतो आणि पत्र पिशवीत टाकतो.

अमेरिकेत जुने टपालशिक्के जमविणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. त्यांना सर्वांत प्रिय म्हणजे तिकिटे निघण्यापूर्वीची पत्रे. अमेरिकेचे पहिले तिकीट १ जुलै १८४७ ला निघाले. त्याआधी पत्रावर फक्त गावाचे नाव, तारीख आणि आकाराची रक्कम असे. मोठ्या शहरांत धातूचे शिक्के होते. लहान गावचा पोस्टमास्तर लाकडात अक्षरे कोरून घेई, नाहीतर सरळ टाकाने गावाचे नाव लिही. आकार अंतरावर आणि कागदाच्या संख्येवर होता. १८१६ च्या दरांप्रमाणे ३० मैलांपर्यंत ६ सेंट आणि ४०० मैलांच्या पुढे २५ सेंट, तेही एका कागदाला. दोन कागद झाले की दुप्पट. पाकीट हासुद्धा एक कागदच धरला जाई, म्हणून लोक पत्राचीच घडी घालून वर पत्ता लिहीत. हे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणारा भरत असे. आपल्याकडे ‘नॉटपेड’ पत्र आले की घरात कटकट होते. तिकडे त्या काळी नॉटपेड हाच रिवाज होता.

या हाताने लिहिलेल्या शिक्क्यांतला एक पोस्टमास्तर जगाला ठाऊक आहे. इलिनॉय राज्यातल्या न्यू सेलम नावाच्या खेड्यात १८३३ ते १८३६ या काळात अब्राहम लिंकन पोस्टमास्तर होते. पुढे ते गाव ओस पडले, लिंकन मात्र राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या हातचे ‘न्यू सेलम’ लिहिलेले पत्र म्हणजे संग्राहकांच्या दृष्टीने सोन्याहून पिवळे. आता गंमत पाहा. ज्या लिंकननी पुढे गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला, ते ज्या खात्यात पोस्टमास्तर होते त्या खात्यात काळ्या माणसाला टपालाची पिशवी उचलण्यास कायद्याने बंदी होती.

ही बंदी १८०२ सालची. स्वतंत्र गोऱ्या माणसाखेरीज कोणालाही टपाल वाहण्याच्या कामावर ठेवू नये, असा तो कायदा. गिडिअन ग्रेंजर नावाच्या तिथल्या पोस्टमास्टर जनरलने त्याच वर्षी एका सिनेटरला कारण कळविले होते. घोड्यावरून टपाल नेणारे काळे लोक हुशार असतात, गावोगाव फिरतात, लोकांत मिसळतात. त्यातून माणसाचे हक्क कातडीच्या रंगावर अवलंबून नसतात हे ते शिकतील आणि आपसांत संधान बांधतील, असा त्या पत्राचा सूर होता. म्हणजे पत्र हरवेल अशी भीती नव्हती, पत्र नेणाऱ्याला अक्कल येईल ही भीती होती. १८३५ साली चार्ल्सटन शहरात तर गुलामीविरोधी छापील मजकूर टपालातून बाहेर काढून जमावाने भर रस्त्यात जाळला. १८०२ ची ती बंदी उठायला ३ मार्च १८६५ उजाडावे लागले. म्हणजे या मधल्या काळातील अमेरिकन शिक्क्याचे प्रत्येक पत्र, मग त्यावरचा शिक्का कितीही सुबक असो, याच नियमाखाली वाहिले गेलेले आहे. लिलावाच्या यादीत शिक्क्याचा आकार, शाईचा रंग, दुर्मिळता सगळे दिलेले असते. हे मात्र सहसा नसते.

आता आपल्याकडे या. तिकडे काळ्याला टपाल नेण्याची बंदी, इकडे महाराला टपाल नेण्याची सक्ती. पोस्टाच्या पगारी हरकाऱ्यांची गोष्ट वेगळी. घुंगरांची काठी घेऊन ते टप्प्याटप्प्याने पळत आणि खाते त्यांना वेतन देई. पण गावपातळीवर सरकारी कागद पुढच्या गावी पोहोचविणे, साहेबाचे सामान उचलणे, वर्दी देणे, मयताचा सांगावा नेणे ही सगळी कामे वतनदार महाराच्या गळ्यात होती. दिवस-रात्र, पाऊस-पाणी बघायचे नाही. मोबदला म्हणजे तुटपुंजी वतन जमीन आणि दारोदारचे बलुते. लखोट्यावर काय लिहिले आहे हे नेणाऱ्याला वाचता येत नसे, आणि येऊ नये अशीच सर्व व्यवस्था होती. अमेरिकेत शिकेल म्हणून नेऊ दिले नाही. इथे शिकू दिले नाही म्हणून निर्धास्तपणे नेऊ दिले. दोन्हीकडचे हिशेब एकाच वहीतले.

आपल्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने काढून त्या जमिनी रयतावा केल्या, हे आपल्या भागातील माणसाने विसरू नये. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. प्रत्यक्षात वतने जायला १९५८ चा कायदा यावा लागला. जुने सरकारी लखोटे पाहताना शिक्क्यावर दोन गावांची नावे दिसतात. मधले जे कोस होते ते कोणाच्या पायांनी तुटले, ते शिक्का सांगत नाही. ते आपणच लक्षात ठेवायचे.

अमेरिकेच्या शिक्क्यांचा आणि कोल्हापूरचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध चांगला जवळचा आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ च्या अखेरीस कोल्हापूरला आले आणि त्यांनी येथे शाळा काढल्या. त्याआधी १८२७ च्या अखेरीस सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका मुंबईत उतरली आणि पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवू लागली. त्या शाळा पाहूनच जोतीरावांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला हे आपण सर्व जाणतो. या मंडळींची पत्रे बोस्टनच्या मिशन कचेरीकडे जात. त्या मिशनचे दप्तर आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात जपलेले आहे.

फॅरारबाईंच्या सुरुवातीच्या काळात पत्र शिडाच्या जहाजाने केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाई. अमेरिकेच्या बंदरात उतरले की त्यावर ‘शिप’ असा शिक्का पडे. बंदरातच वाटायचे असेल तर ६ सेंट. पुढे जायचे असेल तर नेहमीच्या आकारावर २ सेंट जास्त. पुढे वाइल्डर यांच्या काळात मार्ग बदलला. कोल्हापूरहून मुंबईपर्यंत हरकाऱ्यांच्या पायांनी, मुंबईहून आगबोटीने सुवेझ, तेथून वाळवंट ओलांडून अलेक्झांड्रिया, मग दुसरी बोट, इंग्लंड, लिव्हरपूल, आणि पुन्हा आगबोटीने बोस्टन किंवा न्यूयॉर्क. सुवेझचा कालवा १८६९ सालचा, म्हणजे हे सगळे त्याच्या आधीचे. आणि जिथे जिथे पत्र हात बदलत असे तिथे तिथे शिक्का.

येथे माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. या पत्रांवर नुसती गावांची नावे नसत, जमाखर्चही असे. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात १८४८ च्या डिसेंबरात टपालाचा करार झाला. दोन देशांमध्ये अर्ध्या औंसाच्या पत्राला २४ सेंट ठरले. त्यांतले ५ अमेरिकेच्या जमिनीवरचे, १६ समुद्राचे आणि ३ ब्रिटनच्या जमिनीवरचे. बोट ब्रिटिश असेल तर समुद्राचे १६ आणि त्यांचे ३ मिळून १९ ब्रिटनचे, अमेरिकेला ५. बोट अमेरिकन असेल तर अमेरिकेला २१ आणि ब्रिटनला ३. पैसे ज्याने घेतले त्याने दुसऱ्याच्या वाट्याचा आकडा पाकिटावर मारायचा. म्हणून त्या काळच्या पाकिटांवर ‘१९’, ‘५’, ‘२१’, ‘३’ असे गूढ आकडे दिसतात. नवख्याला ते लॉटरीचे नंबर वाटतील, हिशेबनिसाला ते नावे-जमा वाटतात. एकदा ही किल्ली हाती आली की आकड्यांवरून बोट कोणाची होती तेही कळते. पुढे १८७४ साली बर्न येथे जागतिक टपाल संघाचा करार झाला, १ जुलै १८७६ ला भारत त्यात दाखल झाला, आणि ज्या देशाने पैसे घेतले त्यानेच ते ठेवायचे हे तत्त्व आले. आकडे गेले. सोय झाली, पण अभ्यास करणाऱ्याची मजा गेली.

आपल्या देशातले शिक्केही काही कमी नाहीत. १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व देशात एकच दर आला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते कराचीहून कलकत्त्याला जावो की शेजारच्या गावी. तिकीट न लावल्यास दुप्पट. त्यापूर्वी आपल्याकडेही अंतरावर आकार होता. पैसे भरलेल्या पत्रावर लाल शाईचा शिक्का आणि न भरलेल्यावर काळ्या शाईचा. तिकिटे सुरू झाल्यावर एकदा वापरलेले तिकीट पुन्हा कोणी लावू नये म्हणून ते शिक्क्याने रद्द करणे आले. आधी नुसते ठिपके, चौकटी आणि रेघा. मग प्रत्येक कचेरीला एक नंबर दिला गेला. नंबर पाहा, यादी पाहा, गाव ओळखा. सिंगापूर तेव्हा हिंदुस्थानच्या टपालात होते. त्याचा नंबर बी १७२. एडन मुंबई इलाख्याच्या ताब्यात होते. त्याचा नंबर १२४. अर्ध्या आण्याच्या निळ्या तिकिटावर १२४ दिसला की ते पत्र अरबस्तानच्या टोकाहून निघाले असे समजावे. या शिक्क्यांची नीट वर्गवारी मुंबईच्या जाल कूपर यांनी केली. आजही अभ्यासक शिक्क्याचा प्रकार सांगताना त्यांच्याच क्रमांकांचा आधार घेतात.

खेड्यापाड्यांसाठी आणखी एक प्रकार होता, ‘एक्स्पेरिमेंटल पी.ओ.’ म्हणजे प्रायोगिक पोस्ट. लहान गावी आधी चाचणी म्हणून पोस्ट उघडायचे, उत्पन्न दिसले तर कायम करायचे, नाहीतर कुलूप. अशा बंद पडलेल्या पोस्टांचे शिक्के फार थोडे उरतात. मुंबई जी.पी.ओ.चा शिक्का ढिगाने मिळेल, कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या एखाद्या वाडीचा मिळणार नाही. संग्राहकांच्या जगात तरी लहान गावाला मोठ्या शहरापेक्षा जास्त भाव आहे, हे वाचून आमच्या भुदरगड तालुक्यातील वाचकांना बरे वाटेल.

आता आपल्या घरची गोष्ट. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे प्रसिद्ध आहेत: १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. १८६८ च्या पत्रात नायगावच्या त्या ब्राह्मण तरुणाला आणि महार मुलीला जमावाच्या तावडीतून सोडविल्याची हकीकत आहे, १८७७ चे पत्र जुन्नरकडच्या दुष्काळातले आहे. सावित्रीबाईंचे चरित्र लिहून आणि समग्र वाङ्मय संपादित करून ती सर्वांपर्यंत पोहोचविणारे डॉ. मा. गो. माळी हे आमच्या गारगोटीचे, याचा आम्हांला अभिमान आहे. त्या पत्रांवर तारखा आहेत म्हणून आपण आज साल सांगू शकतो. नेहमी असे होत नाही. बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, अस्पृश्यांचा प्रश्न आणि तिथल्या निग्रोंचा प्रश्न यांतील साम्याबद्दल. ते मॅसेच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहे, आणि त्याची नोंद ‘अंदाजे जुलै १९४६’ अशी आहे. ड्यू बॉइस यांचे उत्तर ३१ जुलै १९४६ चे आहे, त्यावरून हा अंदाज. ज्या पाकिटातून ते पत्र गेले त्यावर मुंबईचा नाहीतर दिल्लीचा एक साधा शिक्का असणारच. त्याने ‘अंदाजे’ हा शब्द खोडून टाकला असता.

मोठ्यांच्या पत्रांचे हे, तर आपल्या वाडवडिलांच्या पत्रांचे काय सांगावे! आमच्या भागातील हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबली. परळ, भायखळा, वरळी, नायगाव येथून दरमहा कार्ड आणि मनिऑर्डर यायची. मनिऑर्डरच्या कुपनावर दोन ओळी लिहिलेल्या असायच्या, ‘पैसे मिळाले की कळविणे, पोराला शाळेत घालणे.’ तालुक्यातल्या एका वस्तीत कामानिमित्त गेलो असता एका म्हाताऱ्या मावशींनी पत्र्याची पेटी उघडून दाखविली. त्यात त्यांच्या सासऱ्यांचे एक पोस्टकार्ड होते. मजकूर इतकाच की, आम्ही तिघे नागपूरला निघालो आहोत, काळजी करू नये, येताना पांढरी लुगडी आणतो. तारीख नाही, साल नाही. घरात त्यावरून जुना वाद. एक मुलगा म्हणे आजोबा दीक्षेला होते, दुसरा म्हणे ते नंतर कधीतरी गेले असतील. कार्ड उजेडात तिरके धरले. परळचा शिक्का अर्धा पुसट होता, पण ‘ऑक्टोबर ५६’ एवढे स्वच्छ वाचता येत होते. मावशी काही बोलल्या नाहीत. कार्ड परत घेतले, पदराने पुसले आणि पेटीत सर्वांत वर ठेवले.

त्याच पेटीत पाकिटेही होती, आठ-दहा. प्रत्येकाचा उजवा कोपरा कात्रीने कापलेला. नातवाला शाळेत तिकिटांची वही करायची होती. तिकीट गेले, त्याबरोबर शिक्का गेला, आणि शिक्क्याबरोबर तारीख आणि गाव. आत एका पत्रात सभेला बाबासाहेब आले होते, फार गर्दी होती, असे लिहिले आहे. कोणती सभा, कुठली, कोणत्या सालची? ती वही शोधली, मिळाली नाही. पोराचा दोष नाही. शाळेत त्याला तसेच शिकवले होते, तिकीट कापा, पाण्यात भिजवा, सोडवा, चिकटवा. पुष्कळ वर्षे सगळीकडे हेच शिकवले गेले. गिऱ्हाइकाला तिकीट पाहिजे, पत्र रद्दीत. आज जाणते संग्राहक उलट सांगतात, पाकीट अखंड ठेवा. मला त्यांचे म्हणणे शंभर टक्के पटते, आणि ते किमतीसाठी नव्हे.

किमतीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. जुन्या शिक्क्यांचा बाजार मोठा आहे आणि त्यात लबाडीही मोठी आहे. खरे जुने पाकीट घेऊन त्यावर खोटा शिक्का मारणारे आहेत, खरे तिकीट दुसऱ्याच पाकिटावर चिकटवणारे आहेत. तपासायची रीत सोपी आहे आणि ती कोणाही कारकुनाला जमेल. शिक्का तिकिटावर आणि कागदावर असा दोन्हींवर सलग पडलेला पाहिजे. तिकीट निघाल्याच्या आधीची तारीख शिक्क्यात असता कामा नये. त्या वेळचा दर आणि लावलेली तिकिटे यांचा मेळ बसला पाहिजे. आणि पाकीट उलटे करून पाहावे. एकोणिसाव्या शतकातील पत्रांच्या पाठीवर बहुधा पोहोचल्या गावाचा शिक्का असतो, कधी वाटेतल्या गावांचेही. पुढचा आणि पाठचा शिक्का यांत प्रवासाला लागणारे दिवस बसत नसतील तर ते पाकीट हातचे सोडावे. घरच्या जुन्या पेटीसाठी कोणी फिरता व्यापारी गठ्ठ्याने पैसे देऊ लागला तर त्याला चहा द्यावा, गठ्ठा देऊ नये. ऐतिहासिक महत्त्वाची पंचाहत्तर वर्षांवरील हस्तलिखिते परवान्याशिवाय देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात असावे.

पोस्टाचा शिक्का आता कमीच दिसतो. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, आणि पाकिटावर बारकोडची चिठ्ठी चिकटते. तरी साधे पत्र टाकले तर शिक्का अजून पडतो. पुढच्या १४ एप्रिलला किंवा १४ ऑक्टोबरला आपल्या गावच्या पोस्टातून स्वतःच्याच पत्त्यावर एक कार्ड टाकून पाहा. खिडकीवरच्या माणसाला नीट विनंती केली तर तो शिक्का स्वच्छ मारून देतो. गारगोटीचा पिन ४१६२०९, तारीख आणि गावाचे नाव, एवढे वाचता आले की काम झाले.

घरात जुनी पत्रे असतील त्यांनी एवढे करावे. पत्र आणि त्याचे पाकीट वेगळे करू नये. टाचणी, स्टेपलची तार आणि रबर काढून टाकावे, गंजाने आणि चिकटपणाने कागद जातो. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते पुन्हा काढता येत नाही. पत्र कोणाचे, कोणाला, घरातील कोण सांगते, हे वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून सोबत ठेवावे, पत्रावर लिहू नये. मोबाईलवर फोटो काढताना पुढची आणि पाठची दोन्ही बाजू घ्याव्यात. शिक्का पुसट असेल तर खिडकीजवळ कागद तिरका धरावा, उन्हात नव्हे. आणि वाचता आलेला शिक्का, गाव व साल लिहून आम्हांला कळवावे, तालुकावार यादी करण्याचा विचार आहे. मूळ पत्र पाठवू नये, ते घरीच राहू द्यावे.